टिटवीच्या पोस्टखाली

१

ती टिप्पणी गुरुवारी सकाळी नऊ चोपन्नला आली होती. लतीफा मॅडमनी ती पाहिली अकरा वाजता, नववीच्या मराठीच्या तासाला, भिंतीवरच्या पडद्यावर, एकतीस पोरांसोबत. आधी एकटीनं पाहून घ्यायला हवी होती. पण तास सुरू झाला की मॅडमना धीर धरवत नसे, आणि ती घाई त्या दिवशी नडली.

‘उजव्या टोंगळ्यावरचा डाग गेला का बटन अजून हाय का’

एवढंच. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘अनामिक’.

मागच्या बाकावरच्या हरीओमला कशावरही हसू येतं, पण तोही हसला नाही. मॅडमनी तिसऱ्या बाकाकडं पाहिलं. तिथं संस्कृती होती. तिचा हात फक्त बाकाखाली गेला आणि उजव्या गुडघ्यावर, सलवारीवरून, घट्ट बसला.

म्हणजे डाग खरा होता.

शेलूबाजारच्या पुढं हायवेच्या फाट्यावर असलेल्या या शाळेत ब्लॉग ही लतीफा मॅडमचीच हौस. ‘माझा आवडता ऋतू’ एकाच गाइडमधून उतरवलेला एकतीस वेळा तपासून त्यांचा जीव विटला होता. म्हणून जूनमध्ये त्यांनी संगणकाच्या इमाद सरांना हाताशी धरलं आणि वर्गाचा ब्लॉग सुरू केला. आधी वहीत कच्चं लिहायचं, मग चालू असलेल्या तीन संगणकांवर पाळीपाळीनं टाइप करायचं. लिहायचं ते स्वतःचं आणि खरं. खरं नाव मात्र द्यायचं नाही. प्रत्येकानं टोपणनाव घेतलं होतं आणि कोण कोण आहे याची यादी मॅडमच्या कपाटात बंद होती. आणखी एका नियमावर त्या अडून बसत. कोणी टिप्पणी केली की तिला उत्तर द्यायचंच. दाराशी येऊन कोणी हाक मारली तर आपण ओ देतो, तसंच हे, असं त्या सांगत.

पोरं खरंच लिहायला लागली. मग त्यांना बाहेरचे वाचक हवे झाले. ऑगस्टमध्ये मॅडमनी टिप्पण्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. “भलते लोक येतीन, मॅडम,” असं हेडमास्तर राजपाल सर तेव्हाच म्हणाले होते. मॅडमनी ऐकलं नव्हतं.

आता भलतं कोणी आलं होतं, आणि ते फक्त ‘टिटवी’च्या एकाच पोस्टखाली येत होतं. टिटवी म्हणजे संस्कृती. मंगळवारी आलं, ‘आयकलं मी तू कोन हायस मले मालूम हाय’. बुधवारी आलं, ‘आज तू मांगं बसली मांगं बसू नोको मंगरूळ मंगरूळ एक सीट’. आणि गुरुवारी हे. टिप्पण्या खुल्या झाल्यापासून पहिल्यांदाच संस्कृतीनं टिप्पण्यांना उत्तर दिलं नव्हतं. देऊ नको असं मॅडमनीच सांगितलं होतं.

दुपारी दोनला तिचे आजोबा मारोतराव शाळेत आले. बातमी कोणत्या पोराच्या फोनवरून गावात पोचली कोण जाणे. सोयाबीनची मळणी अर्ध्यावर टाकून आले होते, कपड्यांवर भुसा होता. ते खुर्चीवर बसले नाहीत.

“मॅडम, माहा मोठा पोरगा गेला. त्याची ही एकच पोट्टी हाय. तिच्या आंगावरचा डाग कोन्या माणसानं पाह्यला? शनवारी पालकांची सभा लावा. तवापर्यंत त्याचं नाव सांगा. नाई सांगतलं तं माही पोट्टी घरी बसन, आन् तिच्या मांगं गावातल्या साऱ्या पोट्ट्या घरी बसतीन.”

ते धमकी देत नव्हते. जे होणार ते सांगत होते, आणि म्हणूनच मॅडमना जास्त भीती वाटली.

२

संस्कृतीला त्यांनी वाचनालयात एकटीला बसवलं आणि पाणी दिलं.

“डाग कोणाकोणाला माहीत आहे, बाळा?”

“कोनालेच नाई, मॅडम. मी घरी बी सलवारच घालतो. काकू म्हणते जलमापासून हाय.” तिनं पेला खाली ठेवला. “तो घरात शिरते का मॅडम? मी झोपली असताना पाह्यते का?”

तिचे ओठ पांढरे पडले होते. चौदा वर्षांच्या पोरीला असा प्रश्न पडावा आणि तो आपल्यामुळं पडावा, या विचारानं मॅडमना स्वतःचाच राग आला.

“आणि बटण?”

संस्कृतीनं दप्तरातून बटवा काढला. लाल कापडाचा, बारीक आरशांचा, काठाला कवड्या शिवलेल्या. हाच तो बटवा, ज्यावर तिनं ‘घरातली एक वस्तू’ ही पोस्ट लिहिली होती. काठाच्या एका कोपऱ्यात कवडीच्या जागी शर्टाचं साधं पांढरं बटण होतं.

“माह्याजोळ बटन हे एकच. तेच असन.”

मॅडमनी मान डोलावली. पोस्टमध्ये वाचून लिहिलं असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

इमाद सर संगणकाच्या खोलीत पंखा फुल्ल करून बसले होते आणि तरी घामेजले होते.

“आपा, अनामिक आहे. कुठून लिहितो ते मला दिसत नाही.”

“तुमी काहीतरी लपवून राह्यले, सर.”

इमाद सरांनी दाराकडं पाहिलं. “सोमवारी एक आली होती. सगळ्यात पहिली. फक्त एक शब्द होता, संस्कृती. मी लगेच उडवली. पोरीचं नाव सगळ्यांना दिसलं असतं. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही घाबराल म्हणून. खुदा कसम, दुसरं काही नाही.”

मॅडम खरोखरच घाबरल्या. म्हणजे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून नाव ठाऊक होतं. आणि खरं नाव कुठं होतं? कपाटातल्या यादीत.

कपाटाची दुसरी किल्ली शिपाई सोमलाकडं असे, कंबरेच्या करदोट्याला. वीस वर्षं शाळेत झाडू मारणारा, घंटा देणारा सोमला किल्ली काढताना करदोट्याची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होता.

“मी कायले हात लावू, मॅडम? मले वाचता बी धड येत नाई.”

“तुझ्यावर संशय नाही घेत रे. उघड.”

पण संशय त्या घेत होत्याच, आणि ते सोमलालाही कळत होतं. कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात, हजेरीपटाखाली, ते पाकीट होतं. जूनमध्ये मॅडमनी डिंकानं चिकटवून त्यावर आडवी सही केली होती. सही जशीच्या तशी होती, डिंकाचा पापुद्राही हललेला नव्हता.

त्यांनी पाकीट उजेडात धरून दोनदा पाहिलं. यादी कोणीच पाहिली नव्हती. मग टिटवी म्हणजे संस्कृती, हे त्या माणसाला कळलं कसं?

३

संध्याकाळी मंगरूळपीरला घरी जायला मॅडमना मुन्नाची जीप मिळाली. एरवी त्या एसटीनं जात, पण आज त्यांना मुन्नाशी बोलायचं होतं. सकाळी गावातल्या पोरींना शाळेत आणणारा हाच मुन्ना. तिशीतला, सदा गुटखा चघळणारा. त्याच्या जीपच्या मागच्या काचेवर नववीच्या पोरांनीच तो काळा-पांढरा चौकोन चिकटवला होता. फोन धरला की ब्लॉग उघडतो. खाली वर्गातल्या राखीनं रंगवलं होतं, ‘आमचं लिहिलेलं वाचा’.

“वाचते कोनी?” मॅडमनी विचारलं.

“वाचते म्हणजे? शेलूत गाडी उभी राह्यली का लोक फोन काढते. तिथं संगीताच्या चहाच्या टपरीवर तं रोज एक गोष्ट लावते फोनवर. सारे जन चहा पेता पेता आयकते.”

“बुधवारी संस्कृती कुठं बसली होती?”

“मांगं, फाळक्याजोळ. समोर जागाच नोती.” मुन्नानं आरशातून पाहिलं. “काहून जी?”

“कोणी पाहिलं तिला?”

“साऱ्या स्टँडनं. दहा मिनटं गाडी थांबते शेलूत, पावणेदहा ते पाच कमी दहा.”

उत्तर सरळ होतं, पण त्याचे डोळे आरशातून हलेनात. जीपमध्ये दोघंच होते. बाहेर दोन्ही अंगांना कापलेल्या सोयाबीनची रानं, मधूनच मळणीयंत्राची धूळ. मॅडमनी पर्स मांडीवर ओढून घेतली. उगाच एकट्या आलो, असं त्यांना वाटून गेलं.

शेलूबाजारला जीप थांबली. मुन्नानं गुटख्याची पिंक टाकली, खिडकीतून अर्धा बाहेर झाला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “मंगरूळ मंगरूळ! एक सीट!”

मंगरूळ मंगरूळ एक सीट. बुधवारच्या टिप्पणीतले तेच शब्द, त्याच क्रमानं. त्या दार उघडून खाली उतरल्या, मागं न पाहता रस्ता ओलांडला आणि एसटीच्या शेडमध्ये जाऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

“मॅडम, काय झालं? पैसे नोका देऊ, पण बसा तं,” मुन्ना हाका मारत राहिला.

त्या बसल्या नाहीत.

४

घरी आल्यावर त्यांनी कागद घेतला आणि चारही टिप्पण्या एकाखाली एक लिहून काढल्या. अक्षर पोरांसारखं येत होतं. मराठीच्या बाईंना एक खोड असते. कितीही घाबरल्या तरी समोर मजकूर आला की त्या तो तपासायला लागतात.

स्टँडवरच्या साऱ्या जीपवाल्यांची ती आरोळी; मुन्नानं लिहिलं असतं तर त्यानं ती मध्येच कशाला लिहिली असती? कोणीच लिहिणार नाही. ‘मांगं बसू नोको’ला ‘एक सीट’ची गरजच नव्हती. ते शब्द लिहिलेले नव्हतेच, मध्ये घुसलेले होते. आणि ते कुठून घुसतात हे मॅडमना पुरतं माहीत होतं. त्यांच्या अम्मी फोनच्या माइकवर बोलून निरोप पाठवायच्या, तेव्हा त्यात कुकरजवळच्या सुनेचं बोलणंही उमटायचं.

हा माणूस लिहीत नव्हता, बोलत होता, फोन लिहून घेत होता. आणि पहिल्याच वाक्यात त्यानं काय म्हटलं होतं? ‘आयकलं मी’. वाचलं नाही, ऐकलं. वाचता न येणारा, लिहिता न येणारा कोणीतरी स्टँडवर रोज सकाळी टपरीवरची पोस्ट ऐकतो, आणि जीप थांबली की बोलतो. त्या वेळी इमाद सर शाळेत संगणक झाडत असतात आणि सोमला मैदानावर. मुन्ना स्टँडवर असतो खरा, पण चौकोनाखालची राखीची ओळ त्यानंच तिला वाचून दाखवून सुधारायला लावली होती, तेव्हा मॅडम तिथंच होत्या.

थोडा धीर आला. त्या धीरातच मॅडमनी टिटवीची पोस्ट पुन्हा उघडली.

‘आमच्या लोखंडी पेटीत एक बटवा आहे. लाल कापडाचा. त्यावर बारीक आरसे आहेत आणि काठाला कवड्या आहेत. काकू म्हणते जत्रेतून आणला. मला आई आठवत नाही, पण हा बटवा नाकाशी धरला की मला झोप येते. मी परीक्षेला त्यात पेन नेते. तो शिवणारी बाई भेटली तर मी विचारीन, एवढे बारीक टाके तुला कोणी शिकवले? तुमच्या घरात अशी वस्तू आहे का?’

त्यांनी एकदा वाचलं, मग बोट ठेवून एकेक शब्द वाचला. आरसे होते, कवड्या होत्या, पेनसुद्धा होता.

बटण नव्हतं. पोस्टमध्ये बटणाचा शब्दच नव्हता.

अनामिकानं बटवा स्वतः पाहिला होता. अगदी जवळून, हातात घेऊन. मॅडमनी उठून दाराची कडी तपासली, तिची काही गरज नव्हती तरी.

५

शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्या शेलूबाजारच्या स्टँडवर उभ्या होत्या. डोक्यावरून ओढणी नाकापर्यंत घेतलेली. जीपा, काळीपिवळ्या, भाजीचे ढीग, हायवेवरचे ट्रक, आणि माणसंच माणसं. कोणाच्या हातात फोन नव्हता? तेव्हा कुठं त्यांना आपण काय करायला आलो आहोत याचा अंदाज आला. इमाद सरांना त्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं की नवी टिप्पणी आली की तिचा निरोप माझ्या फोनवर येऊ द्या.

मुन्नाची जीप आली. संस्कृती आज मधल्या रांगेत होती, दोन पोरींच्या मध्ये, मान खाली. खिडकीबाहेर तिनं एकदाही पाहिलं नाही. तिच्या बरोबरीच्या पोरी हसत होत्या आणि ही हातातलं दप्तर पोटाशी धरून बसली होती.

नऊ बावन्नला मॅडमच्या मुठीतला फोन थरथरला.

‘उद्या शाळा सुटली का शेलूत उतरजो एकलीच ये सीताफळं कशी देल्ली तुले भेटाचं हाय’

एकलीच ये. तो माणूस इथंच होता, या क्षणी, तीस पावलांच्या आत. कदाचित त्यांच्याकडंच पाहत असेल. पळून जावं असं त्यांना फार वाटलं. पण पळालो तर उद्या सभेत काय सांगायचं, आणि त्या पोरीनं रात्री झोपायचं कसं?

त्यांनी पुन्हा वाचलं. सीताफळं कशी देल्ली. हा प्रश्न तर गिऱ्हाइकाचा. फोनच्या तोंडाशी उभं राहून कोणीतरी भाव विचारला होता.

सीताफळांच्या टोपल्या तीन होत्या. एका टोपलीमागं म्हातारा झोपला होता. दुसरीमागं दोन बाया भांडत होत्या. तिसरी संगीताच्या टपरीला लागून, पिंपळाच्या पारापाशी. तिथं चाळिशीची एक बाई बसली होती. दंडभर गोंदण, कोपरापर्यंत पांढरी कडी. समोरचं गिऱ्हाईक फळ दाबून बघत होतं आणि तिचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. तिनं फोन आरशासारखा तोंडासमोर धरला होता. डोळे मात्र मुन्नाच्या निघालेल्या जीपवर होते.

जीप वळणाआड गेली, तेव्हा तिनं फोन चोळीत खोचला आणि पदरानं डोळे पुसले.

मॅडम तिच्यासमोर जाऊन बसल्या. भीती अजून होती, पण आता तिचा रंग बदलला होता.

“बटवा तुमी शिवला का?”

बाईच्या हातातलं सीताफळ खाली पडलं आणि फुटलं.

“कोन तुमी?”

“संस्कृतीची मराठीची मॅडम.”

तिनं फुटलेलं फळ उचलून बाजूला ठेवलं. “मारोतरावले नोका सांगू, बाई. तुमच्या पाया पडतो.”

तिचं नाव धनीबाई. बंजारा तांड्यावरची. मारोतरावांच्या मुलानं तिच्याशी लग्न केलं, तेव्हापासून मारोतराव तिच्या हातचं पाणी प्यायले नाहीत. पोरगी तीन वर्षांची होती तेव्हा तो याच रस्त्यावर जीपच्या मागच्या फाळक्याला लटकून येत होता, हात सुटला आणि गेला. तेराव्याला धनीबाईला तांड्यावर पोचवून दिलं, पोरीला ठेवून घेतलं.

“म्हणे, तू आली तं पोट्टीची शाळा बंद. नाई आली तं डागदर करतो तिले. मी म्हणलं, नाई येत. अकरा वर्सं नाई गेली मी. इथं बसतो. सकाळी जीप थांबते, पाहून घेतो.” तिनं बोटानं टपरी दाखवली. “सोमवारी संगीतानं फोनवर गोष्ट लावली. लाल बटवा, आरसे, कवड्या. एक कवडी कमी पडली होती मले. तिच्या बापाच्या शर्टाचं बटन तोडून लावलं होतं. तो हासला होता. मले कोनी नाव नाई सांगतलं, बाई. टाके माहे होते.”

“आणि डाग?”

“तव्यावर पडली होती. मीच भाजी टाकून राह्यली होती. माहीच चूक.” ती घाईनं म्हणाली, “संगीतानं शिकवलं, माइक दाब आन् बोल. मले वाटलं, आपून बोलतो तसंच तिले आयकू येते. तिले बरं वाटते, नाई?”

खोटं बोलणं सोपं होतं.

“ती झोपत नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “तिला वाटते कोणी माणूस तिच्या मागावर आहे. घरात शिरते. तिची शाळा उद्या बंद होणार आहे, त्या माणसाच्या भीतीनं.”

धनीबाईनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. अकरा वर्षं जी गोष्ट होऊ नये म्हणून ती या टोपलीमागं बसली होती, तीच तिच्या हातून झाली होती.

६

शनिवारी सभेच्या आधी मॅडमनी मारोतरावांना हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. राजपाल सर समजूतदारपणे बाहेर जाऊन उभे राहिले. मोठ्या खोलीत पालक जमत होते, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. रात्रभर मॅडमनी एकच विचार केला होता. नाव सांगितलं तर हा म्हातारा आपला शब्द खरा करून पोरीला घरी बसवेल. नाही सांगितलं तरी बसवेल. नाव त्याच्या तोंडून आलं तरच काही आशा होती.

“सापडला का?” मारोतरावांनी विचारलं.

“सापडलं. तुमी फक्त आयका.” मॅडमनी टिप्पण्यांचा कागद उघडला. “लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही, तो फोनशी बोलतो. बोलतो तो शेलूच्या स्टँडवरून. मागं बसू नोको म्हणते, कारण त्याचं कोणी तरी जीपच्या मागून पडून गेलं असन.”

मारोतरावांची मान किंचित वर झाली.

“डाग तव्याचा आहे हे त्याला माहीत आहे. घरात मात्र सांगतात, जन्मापासून आहे. आणि हे.” मॅडमनी टेबलावर लाल बटवा ठेवला, कोपरा पुढं करून. “पोरीनं लिहिताना बटणाचा शब्द लिहिला नाही. बटण त्यालाच माहीत होतं.”

म्हाताऱ्यानं बटव्याला हात लावला नाही. बोट नुसतं बटणाच्या वर, अंतर ठेवून, थांबलं.

“त्याच्या निळ्या शर्टाचं हाय,” ते म्हणाले. “दिवाळीले घेतला होता मी त्याले. एक बटन नोतं म्हून रागावलो होतो.” त्यांनी बोट मागं घेतलं. “धनी हाय?”

“हो जी.”

“मी पोट्टीले सांगतलं, माय मेली.”

“मालूम हाय. भेटायचं होतं तिला, म्हणून एकलीच ये म्हणली. तुमच्या भीतीनं एकली.” मॅडमना वाटलं होतं त्यापेक्षा आवाज शांत निघाला. “बाहेर मी एवढंच सांगीन की माणूस सापडला, धोका नाही. नाव नाही सांगणार. पण संस्कृतीला मी सांगणार नाही, ते तुमी सांगा. तिला वाटते कोणी चोर तिच्या उशाशी उभा राह्यते. आणखी किती दिवस वाटू द्यायचं?”

मारोतराव उठले. मॅडमना वाटलं, चालले. आता पोरीचा हात धरतील आणि घरी नेतील. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

म्हातारा दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. “पोट्टीले बोलवा,” तो म्हणाला. “मले बाहेर सारं गाव पाह्यते. अंदरच सांगतो.”

मॅडम बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. आत काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं नाही. एकदा संस्कृतीचा आवाज चढला, “मंग तुमी खोटं काहून बोलले, आबा?”

सभा झाली. मॅडमनी सांगायचं तेवढंच सांगितलं. लोक कुजबुजले, एकदोघांनी नावासाठी हट्ट धरला. तेव्हा मागून मारोतराव म्हणाले, “माह्या घरचं माणूस होतं. माही नात शाळेत येईन. तुमाले काय कराचं ते करा.” आणि ते बसले. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

पालक पांगल्यावर लतीफा मॅडम संगणकाच्या खोलीत गेल्या. टिप्पण्या पुन्हा बंद कराव्यात, एवढं त्यांनी ठरवलं होतं. आता तरी राजपाल सरांचं ऐकावं.

तीनपैकी एका संगणकापुढं संस्कृती बसली होती. डोळे सुजले होते, नाक लाल होतं. बटवा कीबोर्डच्या शेजारी होता. तिनं मॅडमकडं पाहिलं.

“चार टिप्पण्यांना उत्तर राह्यलं, मॅडम.”

“तिला वाचता येत नाही, बाळा.”

“संगीताबाई फोनवर लावते नं. आयकन ती.”

मॅडम तिच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. त्यांनी काही सुचवलं नाही, काही दुरुस्त केलं नाही. संस्कृतीनं एकेक अक्षर शोधत टाइप केलं, आणि इतर पोस्टखाली करत असे तसंच शेवटी पूर्णविराम देऊन कळ दाबली.

‘बटण आहे. डाग पण आहे. आज शेलूत उतरते, आबा सोबत आहेत. सोमवारपासून समोर बसीन.’